डाव्या हाताचं सूत

माझ्या डाव्या मनगटावर वळ राहिलेला नाही. राहिला असता तर बरं झालं असतं, कुणाला दाखवता तरी आला असता. जुन्या लुगड्याची पट्टी मऊ असते. त्या पट्टीने हात कितीही आवळून बांधला तरी दुसऱ्या दिवशी कातडी पुन्हा होती तशी होते. त्यामुळे त्या दिवसांबद्दल मी बोलायला लागले की घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आजी, तेव्हा सगळीकडे तसंच होतं." सगळीकडे तसंच होतं हे मलाही माहीत आहे. पण सगळीकडे होतं म्हणून माझा राग कमी का व्हावा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी निवळलेले नाही, आणि हे प्रकरण निवळून लिहिण्याचा माझा विचारही नाही.

आम्ही त्र्यंबकला राहायचो, देवळामागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. माझे वडील, अण्णा, मोठ्या उपाध्यायांच्या हाताखाली पूजा सांगायला जायचे. स्वतःचे असे यजमान त्यांना फारसे नव्हते, त्यामुळे घर निम्मं दक्षिणेवर आणि निम्मं जानव्यांवर चालायचं. मागच्या अंगणात देवकापसाचं झाड होतं. त्याची बोंडं फुटली की घरातल्या बायका सरकी काढायला बसायच्या, कापूस बोटांनी पिंजून त्याचे पेळू वळायच्या, आणि मग टकळ्या सुरू व्हायच्या. टकळी म्हणजे वीतभर लोखंडी काडी, वर बारीक आकडा, खाली पितळेची चकती. आकड्यात सुताचं टोक अडकवायचं, काडीला बोटांनी गिरकी द्यायची आणि टकळी हवेत सोडायची. ती फिरत फिरत खाली जाते आणि वरच्या हातातल्या पेळूतून सूत निघत राहतं. जमिनीला टेकली की तेवढं सूत काडीला गुंडाळायचं आणि पुन्हा गिरकी. चकती फरशीला टेकताना टण् असा बारीक आवाज यायचा. पहाटे देवळातली घंटा, ब्रह्मगिरीवरून येणारं वारं, दारावरून जाणाऱ्या यात्रेकरूंचं बोलणं, आणि ह्या सगळ्यात मिसळलेला तो टण् टण्. आजही स्वयंपाकघरात कुणाच्या हातून चमचा पडला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

टकळ्यांचं राज्य आत्याचं होतं. आत्या अण्णांची थोरली बहीण, अगदी तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आलेली. अण्णांची आई लवकर गेली, तेव्हा ह्या बहिणीनेच त्यांना वाढवलं. हे खरं आहे, आणि ते उपकार तिने त्यांना एक दिवसही विसरू दिले नाहीत हेही तितकंच खरं आहे. अण्णा तिला अक्का म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा. बाहेर खणखणीत संकल्प सांगणारा हा माणूस घरात अक्कासमोर भात हवा की नको हेसुद्धा मानेनेच सांगायचा. आत्याच्या वाट्याला काय आयुष्य आलं ते मी आज समजू शकते. समजू शकते म्हणून माफ केलं पाहिजे असं काही नाही.

जेवायला सकाळी नागलीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, दुपारी आमटीभात. पिठलं आई करायची, आणि तिच्या हातचं तसं पिठलं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही. पानात डाव्या बाजूला करवंदाचं लोणचं असायचं, पण ते श्रीधरच्या पानात. श्रीधर माझा धाकटा भाऊ. माझ्या पानात लोणचं वाढायचं नाही असा आत्याचा नियम होता, कारण बोटांना तेल लागलं की सूत घसरतं. आई वाढायला आली की आत्या न बघताच म्हणायची, "तिला नको. तिला कातायचंय." इतकी वर्षं झाली, आता माझ्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या चार बरण्या असतात. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात. मी ऐकत नाही.

आणि मी डावखुरी. पाटीवर अक्षर, चुलीतलं लाकूड पुढे सारणं, फुलं तोडणं, सगळं माझ्या डाव्या हाताने आपोआप व्हायचं. टकळीलाही गिरकी त्याच हाताने बसायची आणि सूत बारीक, एकसारखं यायचं. उजव्या हाताने फिरवली की टकळी लटपटायची, सुताला गाठी यायच्या, नाहीतर ते तुटायचं. आत्याचं म्हणणं, डाव्या हाताचं सूत देवाच्या कामाला चालत नाही. म्हणून कातायला बसले की ती लुगड्याच्या पट्टीने माझा डावा हात मागे घेऊन ओसरीच्या खांबाला बांधायची. एका हाताने कातता येत नाही हे तिलाही माहीत होतं. आधी गिरकीचा सराव होऊ दे, मग सोडेन, असं ती म्हणायची. मी तासन्‌तास नुसती टकळी फिरवत बसायची, सूत नसलेली. रस्त्यावरून जाणारे लोक बघायचे, आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. वाटलं ते एकट्या सगुणाबाईला. ती आमच्याकडे दूध घालायला यायची, शेजारच्या वाडीतून.

"पोरीचा हात कशापायी बांधलाय, आक्का?" तिने दारातच विचारलं.

"डावखुरी आहे," आत्या म्हणाली. "वळण लावायला हवं."

"हाय तर असू द्या की. आमचा ढवळ्या बी डावीकडंच चालतो. म्हणून काय नांगर चालत नाय?"

"तुझ्या ढवळ्याला जानवं घालायचं नाही," आत्या म्हणाली, आणि दुधाचं भांडं आत घेऊन गेली. सगुणाबाई माझ्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मला तेव्हा तिचा राग आला होता, कारण तिच्यामुळे माझा बांधलेला हात सगळ्या गल्लीला पुन्हा एकदा दिसला.

श्रीधरची मुंज ठरली त्याच वर्षी माझी सातवी संपत होती. सातवीपुढे मुलीला शिकवायचं नाही हे आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. पण नाशिक रोडला माझे मामा होते, त्यांचं लहानसं क्वार्टर होतं, आणि मामीला मुलगी नव्हती. मामांनी अण्णांना सांगून ठेवलं होतं, कुमुदला आमच्याकडे पाठवा, आम्ही शाळेत घालतो. आत्याचा साफ नकार होता. श्रावणात जानव्यांना मागणी असायची आणि घरातून एक कातणारी गेलेली तिला नको होती. मी रडून, जेवण सोडून, सगळं करून पाहिलं. शेवटी आत्यानेच तोडगा काढला. बटूचं पहिलं जानवं कुमारिकेने कातलेल्या सुताचं असावं, अशी आमच्याकडे पद्धत. "तिने श्रीधरच्या जानव्याचं सूत उजव्या हाताने नीट कातून दाखवावं," आत्या म्हणाली. "ते जमलं तर जाऊ दे खुशाल. हाताला वळण लागलं असं समजेन मी." अण्णांनी मान हलवली. त्या दिवसापासून पट्टी लांब झाली, डावा हात पेळू धरण्यापुरता पुढे यायचा, टकळीपर्यंत पोचायचा नाही. आत्याला वाटलं होतं ते मला जमणार नाही. आणि तिचं बरोबर होतं.

आत्या दुपारी देवळात पुराण ऐकायला जायची. पहिल्या दिवशी ती गल्लीचं वळण घेईपर्यंत आई दारात उभी राहिली. मग आत आली आणि काही न बोलता माझी पट्टी सोडली. आई मुळात कमी बोलायची. तिने पेळूंची परडी माझ्यासमोर सरकवली आणि स्वतःची टकळी माझ्या डाव्या हातात दिली. त्यानंतर रोज दुपारी ती दाराच्या चौकटीत तांदूळ निवडत बसायची आणि मी आत कातायची. आत्याचं पांढरं लुगडं कोपऱ्यावर दिसलं की आई सूप आपटायची. मी टकळी लपवायची, उजव्या हातात दुसरी घ्यायची, आई येऊन पट्टी बांधायची. ती बांधायची तेव्हा पट्टी सैल असायची. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या हे मला मान्य आहे, आणि त्या चोरून काढाव्या लागल्या याचाच मला राग आहे. सूत मात्र असं उतरत होतं की आई मधूनच एखादा धागा उजेडात धरून बघायची आणि परत ठेवायची.

सूत आत्याला दाखवलं तेव्हा तिने ते बोटांतून ओढून पाहिलं, दातांनी तोडून पाहिलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "बघ," ती अण्णांना म्हणाली, "बांधल्याशिवाय वळण लागत नाही." मी पेळूंची परडी आवरायला घेतली. नाशिक रोडचं क्वार्टर मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

जानवं वळायचं काम अण्णांचं. मुंजीच्या आठवड्यात एका संध्याकाळी ते ओसरीवर बसले, मी समोर. आत्या देवळात होती, आई नळावर पाण्याला गेली होती. अण्णांनी चार बोटांभोवती शहाण्णव वेढे घेतले, सूत तिहेरी केलं, टकळीला लावलं आणि पीळ द्यायला लागले. सूत लगेच वेटोळं घ्यायला लागलं. ताण दिला की सरळ व्हायचं, सोडलं की पुन्हा जागोजागी गुंता. त्यांनी परत केलं, परत तेच. मग ते थांबले आणि सुताचं टोक उलगडून निरखून बघितलं.

"कुमुद, कुठल्या हाताने कातलंस?"

मी डावा हात पाठीमागे नेला. तेच उत्तर झालं. पण ते रागावले नाहीत. त्यांना त्या कोड्याचीच गंमत वाटली असावी. "असं होय," ते म्हणाले. "सूत एका बाजूने कातायचं आणि पीळ त्याच्या उलट्या बाजूने द्यायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरून राहतात. तुझ्या डाव्या हाताने सूत उलटं कातलं गेलंय. मी रोजच्या बाजूने पीळ दिला, तर दोन्ही एकाच बाजूला गेले. म्हणून रुसलंय ते." मग त्यांनी सगळं उलगडलं, पुन्हा टकळीला लावलं आणि टकळी उलटी फिरवली. सूत सरळ पडलं. कुठे वेटोळं नाही, गाठ नाही. अण्णांनी ते ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. "अरे वा," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "इतकं एकसारखं सूत अक्काच्याही हातचं नसतं."

हे वाक्य त्यांनी उच्चारलं. मी ऐकलं. माझ्याशिवाय ते ऐकणारं तिथे कुणी नव्हतं, पण ते त्यांनी उच्चारलं.

तेवढ्यात आत्या प्रसादाची वाटी घेऊन आली. तिच्या मागोमाग घागर घेऊन आई. "जमलं का रे?" आत्याने विचारलं. अण्णांची बोटं सुतावरच होती. त्या बोटांनी त्यांनी दिलेला पीळ काढायला सुरुवात केली. माझ्यासमोर, हळूहळू, जणू काही ते नुसताच चाळा करत होते. पुरता सुटल्यावर म्हणाले, "नाही, अक्का. डाव्या हाताचं निघालं सूत. पीळच धरत नाही."

"धरतो," मी ओरडले. "आत्ता धरला होता. अण्णांनीच करून दाखवलं. उलट्या बाजूने फिरवलं की धरतो."

आत्याने अण्णांकडे पाहिलं. आईनेही पाहिलं, डोक्यावरची घागर तशीच. अण्णांनी फक्त एक शब्द बोलायला हवा होता. उलट्या पिळाचं जानवं मुंजीला चालत नाही, एवढं जरी ते म्हणाले असते तरी माझं काही म्हणणं नव्हतं. तो शास्त्राचा प्रश्न झाला असता, माझ्या सुताचा झाला नसता. पण तसं म्हटलं तर उलटा पीळ देऊन पाहिला हे कबूल करावं लागलं असतं, आणि सूत चांगलं होतं हेही. "कुमुद," ते म्हणाले, "मोठ्यांसमोर खोटं बोलू नये."

आत्याने सूत उचललं आणि अंगणातल्या पेटत्या बंबात टाकलं. देवकापूस जळताना फार धूर होत नाही, नुसता वास येतो. "आता मामाकडे जायचं नाव काढायचं नाही," ती मला म्हणाली. मग आईकडे वळून म्हणाली, "आणि तू रोज दुपारी तांदूळ कसले निवडत होतीस ते कळलं मला, इंदिरे." आईने घागर उतरवली. अण्णा उठून संध्येला बसले. ताम्हनात पळीने पाणी सोडल्याचा आवाज मला आतून येत होता. त्या आवाजाचा मला जेवढा संताप आला तेवढा आत्याचा कधीच आला नाही. आत्या जे मानत होती ते तिने केलं. अण्णांना मात्र खरं काय ते माहीत होतं.

मुंजीला आत्याच्या सुताचं जानवं झालं. आता विधवा आत्या कुमारिका कुठली, पण तो विषय कुणी काढला नाही. गोदावरीकाठच्या एका धर्मशाळेत मांडव घातला होता. मातृभोजनाची वेळ झाली. मुंजीआधी बटू आईच्या पानात शेवटचं जेवतो, ते झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. पान वाढलेलं होतं, वरणभात, तूप, लिंबाची फोड, जिलेबी. श्रीधर पाटावर बसला होता. पंक्तीला बसवलेली मुलं जिलेबीकडे बघत होती. गुरुजींनी आईला हाक मारली. आई आली आणि पाटाशेजारी उभी राहिली.

"बसा, वहिनी," गुरुजी म्हणाले. "मुहूर्त जवळ आलाय."

"अहो," आई अण्णांना म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. "कुमुद नाशिकला जाणार का, तेवढं सांगा. मग बसते."

आत्या पुढे आली. "हे बोलायची ही वेळ आहे का, इंदिरे?"

"वन्सं, हीच आहे," आई म्हणाली. "एरवी माझ्यावाचून काय अडतं?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. अण्णांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे. नाशिकहून आलेले माझे मामा पुढच्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी मान खाली घातली, पण मला दिसलं, ते हसत होते. "जाईल," अण्णा म्हणाले. "बस आता." आई बसली, पदर सारखा केला आणि श्रीधरला पहिला घास भरवला. मी नाशिकला गेले ती अशी. माझं सूत चांगलं होतं म्हणून गेले नाही. एका बाईने पानावर बसायचं नाकारलं म्हणून गेले.

नाशिक रोडला शिकले, पुढे सरकारी कचेरीत ट्रेसर म्हणून लागले. ह्याच डाव्या हाताने निवृत्त होईपर्यंत रस्त्यांचे आणि पुलांचे नकाशे काढले. सगळं चांगलं झालं असं लोक म्हणतात. पण आईचं काय झालं ते मला सांगायचं आहे. माझ्या वाटणीचं कातणंही तिच्यावर पडलं. आत्या तिच्याशी पुन्हा कधी सरळ बोलली नाही. आणि मी सुट्टीला घरी गेले की केव्हातरी एकटीला गाठून आई म्हणायची, "माझ्यामुळे तुझं सूत वाया गेलं गं. मीच तुला डाव्या हाताने कातू दिलं." मी तिला दरवेळी सांगायची की सूत उत्तम होतं, अण्णांनी उलटा पीळ देऊन पाहिलं होतं, तो बसला होता. ती ऐकून घ्यायची. तिला वाटायचं मी तिची समजूत घालते आहे. म्हातारपणी एकदा, माझ्यासमोर, तिने अण्णांना विचारलं. आत्या तेव्हा जाऊन कित्येक वर्षं झाली होती, घाबरायचं कुणाला उरलं नव्हतं. "कुमुद म्हणते ते खरं का हो? पीळ धरला होता का?" अण्णांनी पेपरातून डोकं वर केलं नाही. "इतक्या वर्षांचं कुणाला आठवतंय," ते म्हणाले. आई गेली ती माझं सूत आपण नासवलं असं समजूनच गेली. अण्णा चांगले होते, प्रेमळ होते, कुणावर हात उचलला नाही असं सगळे सांगतात. मीही ऐकते. एक वाक्य बोलायला हवं होतं त्यांनी.

गेल्या महिन्यात श्रीधरचा फोन आला. त्याच्या नातवाची मुंज आहे, गंगापूर रोडला एका लॉन्सवर. "ताई, घरच्या सुताचं जानवं असावं असं फार वाटतंय," तो म्हणाला. "आता आपल्याकडे तुलाच येतं." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आईची टकळी माझ्याकडेच आहे. त्र्यंबकहून देवकापूस मागवला, गॅलरीत बसून कातलं, डाव्या हाताने. हात आता थरथरतो, तरी सूत बरं आलं. मग उलटा पीळ देऊन जानवं वळलं, ब्रह्मगाठ मारली आणि श्रीधरला फोन केला.

"झालंय," मी म्हटलं. "पण डाव्या हाताचं सूत आहे, पीळ उलटा आहे. गुरुजींना आधी विचार. ते नको म्हणाले तर माझी तक्रार नाही. हो म्हणाले तर मांडवात सगळ्यांसमोर सांगायचं, हे कुमुदने डाव्या हाताने कातलंय, आणि तिच्या आईने तिला कातू दिलं होतं."

श्रीधर म्हणाला, "ताई, गुरुजींना विचारायचं कशाला? सांगायचं तरी कशाला? पीळ कुठल्या बाजूचा ते आता बघतंय कोण. गुपचूप घालून टाकू की."

आवाज श्रीधरचा होता, पण गुपचूप भागवून न्यायची रीत अण्णांची होती. त्याला ते कळलंही नसेल. "मग विकतचं आण," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मुंज रविवारी आहे. मी जाणार आहे, पुढच्या रांगेत बसणार आहे, जिलेबी खाणार आहे, लोणचंही मागून घेणार आहे. जानवं इथेच राहील. बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खिळ्यावर मी ते टांगलंय, येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसेल असं. काल समोरच्या फ्लॅटमधली मुलगी विरजण मागायला आली, तिने विचारलं, आजी, हे काय आहे. मी तिला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग जानवं काढून तिच्या हातात दिलं आणि ताणून बघायला लावलं. तिने ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. पीळ धरला आहे.